गेटचा शर्ट

३ जुलै, गुरुवार

नागपूरला जाताना आसावरीने ही डायरी टेबलावर ठेवली आणि बजावलं, की भिंतीशी बोलण्यापेक्षा इथे बोला. म्हणून बोलतो आहे. मी पुरुषोत्तम, मुक्काम चंदापुरा, बंगळूर. बोम्मसंद्र्याच्या एका यंत्रांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं डिस्पॅच सांभाळलं, मार्चमध्ये निवृत्त झालो. लेक सुखदा नागपुरात असते, तिचे दिवस भरत आलेत, आणि डॉक्टरांनी तिला प्रवास करू नको सांगितलं म्हणून आईच तिकडे गेली आहे. मीही येतो म्हटलं तर दोघी एकदमच म्हणाल्या, आत्ता नको, नंतर बघू.

आज गॅलरीत बसलो. इथला जुलै गारठ्याचा, त्यामुळे हिरवा स्वेटर काढवत नाही. त्याच्यावर मंगळवारच्या आमटीचा डाग आहे, पण तो बटणाजवळ असल्याने नक्षीत खपून जातो. दाढी ठेवली आहे. म्हणजे करायची राहिली, आणि मग तीच ठेवली असं ठरवलं. आंघोळ उद्या. घरात बसणाऱ्याला घाम येतो कुठे?

५ जुलै, शनिवार

सकाळी गंगव्वा दारात. हिची खानावळ बोम्मसंद्र्याला, लॉऱ्यांची रांग लागते त्या गल्लीत. बाई निपाणीकडची, मराठी आणि कानडी एकाच वाक्यात बोलते. आसावरी तिच्याकडून शेंगदाण्याची चटणी घ्यायची, तेवढीच काय ती ओळख. खानावळीमागे तिची एक शेड आहे, बोअरचं पाणी आहे, पंक्चरवाला सोडून गेल्यापासून रिकामीच. तिथे ड्रायव्हर लोकांसाठी न्हाणीघर काढायचं तिच्या मनात आहे, शेजारी कपडे धुवायचं यंत्र आणि इस्त्रीचं टेबल. बघायला माणूस हवा.

मी विचारलं, मीच का? तर म्हणाली, "तुम्ही नुसतं बसून आहात असं कळलं, साहेब." कुणाकडून कळलं ते सांगेना. या बायकांना सगळ्या गावाच्या बातम्या कशा लागतात देव जाणे.

विचार करून सांगतो म्हटलं. ती कानडीत 'सरी', म्हणजे बरं, म्हणाली आणि जाताना गॅलरीचं दार सताड उघडून गेली. वारा यायला हवा म्हणे.

९ जुलै, बुधवार

आज गल्ली पाहून आलो. सव्वीस वर्षं मी ड्रायव्हर पाहिले ते खिडकीच्या आतून, कागदावर शिक्का मारताना. बाहेरून आज प्रथमच पाहिले.

गल्लीच्या टोकाला लहान मुलांच्या खाण्याची पावडर करणारा कारखाना आहे. फाटकाशी पिवळी रेघ ओढलेली. ती ओलांडायची तर ड्रायव्हर आंघोळ केलेला हवा, फुल पँट, धुतलेला शर्ट, पायात बूट, नखं कापलेली. तपासायला शिवलीला नावाची सुपरवायझर उभी असते, विजापूरकडची मुलगी, वय तिशीच्या आत, नजर मात्र सासूची. जो नापास होईल त्याची लॉरी रांगेच्या शेवटी, म्हणजे दिवस बुडाला. नियम मला तरी एकदम पटला. तान्ह्या बाळाच्या तोंडात जाणारी वस्तू आहे.

आता ड्रायव्हरचं ऐका. इंजिनाच्या उकाड्यात केबिनमध्ये कोण पँट घालतो? सगळे लुंगी-बनियनवर. फाटक जवळ आलं की घालायला एक खाकी शर्ट सीटमागे खिळ्याला टांगलेला असतो, त्याला म्हणतात गेटचा शर्ट. पण या रांगेत तर कहर आहे. इथे साऱ्या रांगेत मिळून एकच चांगला शर्ट! डाव्या खिशावर इस्त्रीचा त्रिकोणी चटका बसलेला. पहिला तो घालून आत जातो, माल भरतो आणि मागच्या भिंतीवरून शर्ट नि बूट बाहेर फेकतो. दुसरा झेलतो, घालतो, आत जातो. माझ्या डोळ्यांदेखत एक जाड्या, एक काटकुळा आणि एक म्हातारा त्याच शर्टातून आत गेले. तोंड धुतलेलं, डोक्याला पाणी लावलेलं, बाकी आतलं शरीर कालचं की परवाचं कोण जाणे.

मला शिसारी आली. घरी येऊन गंगव्वाला फोन केला, की मी तयार आहे, हा शर्ट बंद झालाच पाहिजे. आंघोळ मात्र राहिली. आमच्या इमारतीत टँकर उशिरा आला.

१४ जुलै, सोमवार

न्हाणीघर सुरू झालं. तीन मोऱ्या, लाकडावर तापणारा मोठा बंब, धुलाईचं यंत्र. फलक मी स्वतः लिहिला, कानडी, हिंदी आणि मराठीत: 'ड्रायव्हर बंधूंनो, अस्वच्छता सोडा. आंघोळ करूनच पुढे जा.' अक्षर ठसठशीत आलं.

दिवसभरात एकही माणूस फिरकला नाही. एक जयसिंगराव तेवढा फलकासमोर उभा राहिला. हा कागलकडचा, साखरेपासून सायकलीपर्यंत सगळं वाहून झालेला, मिशा राखलेला आडदांड माणूस. कंबरेवर हात ठेवून त्याने तीनही भाषा वाचल्या आणि मला विचारलं, "ह्ये कुणाला म्हणायचंय, मालक?"

मी म्हटलं, सर्वांना. त्याने मला आपादमस्तक पाहिलं, मान हलवली आणि निघून गेला. विषय त्याला पटला असावा.

१७ जुलै, गुरुवार

गंगव्वाने माझा फलक उतरवून त्याचा चुलीमागे मांजराला आडोसा केला. त्या जागी पत्र्यावर चुन्याने दोनच शब्द: 'गरम पाणी'. खाली तेच कानडीत, 'बिसी नीरू'. मी खूप वाद घातला. हा काय फलक झाला? यात संदेश कुठे आहे?

दुपारपर्यंत तिन्ही मोऱ्या भरल्या. बाहेर टॉवेल खांद्यावर टाकून माणसं उभी! एकजण तमिळनाडूतून आला होता, तो बादलीवर बादल्या ओतत राहिला आणि बाहेर आल्यावर त्याने बंबाला हात जोडले. जयसिंगरावाने आत भूपाळी म्हटली, भर दुपारी. केबिनमध्ये झोपणारी, पेट्रोल पंपाच्या नळाखाली पहाटे अंग ओलं करणारी ही माणसं, त्यांना गरम पाणी कुणी विचारलंच नव्हतं. मला फार बरं वाटलं. गंगव्वाला तसं सांगितलं. ती म्हणाली, "बंब चांगला तापलाय साहेब, तुमीबी घ्या की दोन तांबे." मी म्हटलं, छे, गिऱ्हाइकाचं पाणी मालकाने वापरू नये. तत्त्व म्हणजे तत्त्व.

२२ जुलै, मंगळवार

अडचण वेगळीच निघाली. रांग पुढे सरकली आणि लॉरीत ड्रायव्हर नसला, तर मागचा पुढे घुसतो. आंघोळीला यायचं म्हणजे नंबर जायचा. आज जयसिंगराव अंगाला साबण फासून उभा आणि बाहेर भोंगे सुरू. तो तसाच लुंगी गुंडाळून, फेस गाळत धावला. सारी गल्ली पोट धरून हसली, पण त्याच्यापुढे चार लॉऱ्या घुसल्या होत्या. त्याला काही हसू आलं नाही.

आता येतात ते फक्त नंबर आधीच गमावलेले, नाहीतर माल भरून निघालेले. रांगेतल्या माणसाला बंब दिसतो, हात मात्र पोचत नाही. आणि तो मेला चटक्याचा शर्ट भिंतीवरून उडतोच आहे.

उपाय अगदी सोपा आहे. फाटकावर लॉरी आली तेव्हाचा नंबर धरायचा. मग लॉरी समोरच्या मैदानात लावून ड्रायव्हर मोकळा. पण तसं कारखान्याने म्हटलं पाहिजे.

ड्रायव्हर लोक आता मला आदराने वागवतात. बाकावर मी बसलो की सरकून जरा लांब बसतात. जयसिंगरावाने तर आज मला चंदनी साबणाची नवी कोरी वडी भेट दिली. कृतज्ञ माणूस. डायरीच्या ड्रॉवरमध्ये ठेवली आहे, वास छान येतो.

२८ जुलै, सोमवार

मुलगी झाली! सुखदा सुखरूप. आसावरीने फोनवर बातमी दिली, ती मी तिच्याकडून दोनदा वदवून घेतली. मी आजोबा झालो. खानावळीत सगळ्यांना पेढे वाटले. जयसिंगरावाने लॉरीचा भोंगा वाजवला आणि मागच्या सगळ्या लॉऱ्यांनी वाजवला. शिवलीला काय झालं बघायला धावत आली, तिलाही पेढा दिला. तिने आधी माझ्या हातांकडे पाहिलं आणि पेढा खोक्यातून स्वतः उचलून घेतला.

व्हिडिओवर बाळ पाहिलं. माझा कॅमेरा बंद ठेवला. नादुरुस्त आहे म्हणून सांगितलं. का, ते इथे लिहायला हरकत नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात स्वतःचा चेहरा दिसतो, तो मला हल्ली बघवत नाही.

नागपूरला येतो म्हटलं. आसावरी म्हणाली, "या की. पण आत्ता नको हो. बाळ फार नाजूक आहे." मी काय बाळाला दुखवणार आहे? राग आला, रात्री जेवलो नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

कारखान्याच्या व्यवस्थापक अनुषा मॅडमनी गुरुवारी साडेअकराची भेटीची वेळ दिली आहे. बरं झालं, कारण पंक्चरवाला परत आलाय, त्याला शेड हवी आहे. गंगव्वा स्पष्ट म्हणाली, की रांगेतली माणसं आली नाहीत तर लाकडाचा खर्चसुद्धा निघत नाही, मग शेड त्याला द्यावी लागेल.

मी घाबरलो आहे. शेड गेली तर मी पुन्हा गॅलरीत. चार महिने त्या खुर्चीत मी काय करत होतो ते आता आठवत नाही, नुसता हिरवा स्वेटर आठवतो. मला ती खुर्ची नको आहे.

गंगव्वाने बजावलं की गुरुवारी येताना स्वेटर धुऊन या. बायकांचं लक्ष नको तिथे असतं. मी त्या दिवशीची सगळी मांडणी तोंडपाठ करतो आहे.

७ ऑगस्ट, गुरुवार

सगळं क्रमाने लिहितो.

साडेदहाला फाटकावर पोचलो. मुद्दाम लवकर. पिवळ्या रेघेवर पाय ठेवणार तोच शिवलीलाने हात आडवा केला.

"काका, नखं."

मला वाटलं, गंमत करते. मी म्हटलं, अगं, मी ड्रायव्हर नव्हे, मॅडमनी बोलावलंय. ती म्हणाली ठाऊक आहे, नाव आहे माझ्याकडे. तरी हात आडवाच. मग तिने एकेक करून सांगितलं. नखं. पायात स्लिपर. दाढी. स्वेटरवर डाग. आणि शेवटी आवाज खाली आणून, मागच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून माझ्या अगदी जवळ येऊन, "नोड्री, बघा काका, आंघोळपण नाही झालेली."

जवळ येताना तिने श्वास धरला होता. ते मी पाहिलं.

मी वर साहेबांना सांगीन वगैरे बोललो. ती शांतपणे म्हणाली, "रेघ सगळ्यांना एकच आहे, काका. तुम्हालाच तर पटली होती." खरंच, पहिल्याच दिवशी मीच तिची पाठ थोपटली होती.

वळलो तर समोर सगळी रांग. प्रत्येक काचेतून एक डोकं बाहेर. आता हसणार, असं वाटलं. मी तीन भाषांत त्यांना अस्वच्छता सोडा म्हणून सांगणारा माणूस. खाली मान घालून चालू लागलो, आणि एकदम आठवलं. दूर सरकून बसणं. साबणाची वडी. गॅलरीचं दार. आदर नव्हता तो. भर रस्त्यात कानाच्या पाळ्या तापल्या.

हसलं कुणीच नाही. जयसिंगराव लॉरीतून उतरला, माझ्या खांद्याला धरून शेडकडे घेऊन गेला. "चला मालक. येळ हाय अजून." मोऱ्यांपुढे कालचे नंबर गेलेले पाच-सहाजण टॉवेल घेऊन उभे होते. माझ्याच तत्त्वाप्रमाणे मी मागे जाऊन उभा राहिलो. पहिला नुसता बाजूला झाला. मग दुसरा. ज्यांचा सगळा दिवस नंबरावर चालतो, त्यांनी आपले नंबर मला दिले. मला रडू आलं, आणि मोरीत ते कुणाला कळणार नाही म्हणून जरा बरंही वाटलं.

पाणी! काय सांगू. पहिला तांब्या डोक्यावर ओतला तेव्हा मार्चपासूनचं काहीतरी खांद्यांवरून उतरून गेलं. तमिळनाडूच्या माणसाने बंबाला हात का जोडले ते कळलं. जयसिंगरावाने दाढी केली, त्याच्या वस्तऱ्याखाली मी जन्मात बसेन असं वाटलं नव्हतं. गंगव्वाने नेलकटर दिलं आणि तोंड फिरवून डोळे पुसले. चुलीच्या धुराचे असतील.

शर्टाचा प्रश्न आला. गिऱ्हाइकांचे सगळे शर्ट ओले, माझा स्वेटर तर गंगव्वाने कुठे टाकला तेच कळेना. तेवढ्यात शेडला लागून असलेल्या कारखान्याच्या मागच्या भिंतीवरून काहीतरी उडत आलं आणि जयसिंगरावाने झेललं. खाकी. डाव्या खिशावर चटका. मागोमाग बूट, एक आणि एक.

मी म्हटलं, नाही. हा शर्ट बंद करायलाच तर मी निघालोय.

"मग घालूनच जावा," जयसिंगराव म्हणाला, "आन् बंद करून या."

त्यात आधीच्याच्या घामाची ऊब होती. गंमत म्हणजे शिसारी आली नाही. बाह्या आखूड, पोटावर बटण ताणलेलं, बुटांत कागदाचे बोळे.

शिवलीलाने हात पाहिले, पालथे नि उताणे. बूट पाहिले. मग खिशावर नजर अडकली. हा शर्ट ती ओळखते! रोज ओळखत होती, बिचाऱ्यांचा दिवस बुडू नये म्हणून गप्प बसत होती, हे मला त्या क्षणी कळलं. ओठांच्या कोपऱ्यात हसली.

"रोज हा शर्ट सात वेळा आत जातो," ती म्हणाली. "आतला माणूस धुतलेला आज पहिल्यांदाच आलाय. या, काका."

तोंडपाठ केलेलं सगळं विसरलो. अनुषा मॅडमना मी शर्ट दाखवला आणि त्याची गोष्ट सांगितली, भिंतीवरून उडण्यासकट. फाटकावर मला परत पाठवलं तेही सांगितलं. लपवून काय करणार, बाहेर साऱ्या गल्लीने पाहिलं होतं. त्या आधी हसल्या, मग गंभीर झाल्या, मग उठून खिडकीतून त्यांनी मागची भिंत पाहिली. सोमवारपासून नंबर आल्यावेळचा. लॉऱ्या मैदानात. मी आणखी काही मागावं असं त्यांना वाटत असावं, पण मला दुसरं काही सुचेचना.

बाहेर आलो तर रांगेला आधीच कळलं होतं. भोंगे असे वाजले की शिवलीलाने कान झाकले.

संध्याकाळी नागपूरला फोन लावला आणि कॅमेरा सुरू केला. आसावरी बघतच राहिली. मग म्हणाली, "हात दाखवा बघू."

दाखवले. पालथे नि उताणे.

"शर्ट कुणाचा?"

"सगळ्यांचा," मी म्हटलं.

तिने पदर तोंडाला लावला. हसत होती की काय कोण जाणे. मग बाळाला कॅमेऱ्याजवळ आणून म्हणाली, "या आता. कधी येताय?" पाठोपाठ हेही म्हणाली, की गंगव्वाला सांगा, चटणी पाठवा नागपूरला, आणि बाकी सगळ्याबद्दल थँक्यू. कसलं बाकी सगळं? गंगव्वाला विचारलं तर ती तव्यावरची भाकरी उलटण्यात एकदम गढून गेली.

११ ऑगस्ट, सोमवार

आजपासून लॉऱ्या मैदानात. सकाळपासून बंबाला उसंत नाही. जो तो आपला शर्ट धुऊन, इस्त्री करून, आपल्याच अंगावर घालून फाटकाकडे निघाला. भिंतीवरून दिवसभरात काही उडालं नाही. पंक्चरवाल्याला गंगव्वाने पलीकडची टपरी दाखवली.

चटक्याच्या शर्टाचं काय करायचं यावर खानावळीत मोठी चर्चा झाली. फ्रेम करू म्हणाले, बंबाला घालू म्हणाले. शेवटी मी मागून घेतला. दोनदा धुतला, बटण बदललं, कडक इस्त्री केली. चटका तसाच आहे, तो काही जात नाही.

परवा जयसिंगरावाला नागपूरचा माल मिळाला आहे. म्हणाला, रेल्वेचं तिकीट कशाला काढताय? आसावरीला मी रेल्वेने येतो असंच सांगितलं आहे. केबिनमध्ये उकडतं म्हणून लुंगी घेतली. आदिलाबादच्या पुढे एका ढाब्यावर गरम पाणी मिळतं असं तो छातीठोक सांगतो, चंदनी वडी अखेर तिथे फोडणार.

शर्ट सीटमागच्या खिळ्याला टांगून आलो आहे. आधी आंघोळ. मग नखं. आणि सुखदाच्या दाराशी पोचलो की शर्ट.